रजिस्टर आठ बिटांचं, मग व्हेरिएबल इंट कशाला?

प्रश्न : लिनक्ससाठी आयटूसी (दोन तारांवरून चिपशी बोलायची पद्धत) तापमान सेन्सरचा ड्रायव्हर लिहितोय. चिपमधलं रजिस्टर, म्हणजे किंमत ठेवायची जागा, आठ बिटांचं, म्हणून वाचलेली किंमत ‘यू८’मध्ये (बिनचिन्हाचे आठ बिट, ० ते २५५) घेतो आणि शून्याहून कमी आली तर एरर धरतो. रिव्ह्यूमध्ये सिनियर मॅडमनी ‘इंट कर’ (चिन्हासकट ३२ बिट) एवढंच लिहिलं. आठ बिटांना बत्तीस कशाला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मॅडमचं बरोबर आहे, फक्त कारण सांगायला हवं होतं. मी ते भोगून शिकले.

आमच्या एका बोर्डावर तापमान मधूनच २५० अंश दिसायचं. खोलीत २८. दोन दिवस मी सेन्सर बदलत बसले. शेवटी ऑसिलोस्कोप लावला, तेव्हा कळलं की कनेक्टर सैल आहे, चिप उत्तरच देत नाहीये. मग २५० आले कुठून? कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ‘ईएनएक्सआयओ’ (असं उपकरण सापडत नाही) ही एरर देत होता, म्हणजे उणे ६. ‘यू८’मध्ये उणे मावत नाही, २५६ मधून ६ गेले, २५० उरले. एरर हातात आलेली असताना आम्ही ती तापमान म्हणून छापत होतो!

बाइट वाचणारं एसएमबसचं (आयटूसीवर बेतलेल्या पद्धतीचं) फंक्शन म्हणूनच चिन्हासकट ३२ बिट देतं. ० ते २५५ हा डेटा, उणे आली तर एरर. आधी इंटमध्ये घ्या, उणे असेल तर तिथूनच परत फिरा, मग खुशाल ‘यू८’मध्ये ठेवा. तुमची आत्ताची अट कधीच खरी होणार नाही. कंपायलर ती गुपचूप उडवतो. जीसीसी या कंपायलरला ‘टाइप-लिमिट्स’ची वॉर्निंग चालू करून द्या, ती ओळ दाखवेल.

इंटरप्टचा (चिप प्रोसेसरला देते त्या हाकेचा) नंबर घेतानाही हेच बघा. तो नंबर देणाऱ्या ‘प्लॅटफॉर्म गेट आयआरक्यू’ फंक्शनकडून उणे ५१७ आलं, तर त्याचा अर्थ ‘थांब, नंतर पुन्हा प्रोब कर’, म्हणजे ड्रायव्हर उपकरणाला जोडायचा प्रयत्न नंतर पुन्हा कर. अनसाइन्ड (बिनचिन्हाच्या) इंटमध्ये त्याचे ४२९४९६६७७९ होतात, ड्रायव्हर तो नंबर मागायला जातो, ‘ईइनव्हॅल’ (चुकीची किंमत दिली) ही एरर खातो, आणि पुन्हा प्रोब होतच नाही. काम झालं की ० देणाऱ्या फंक्शनांचं उत्तर अनसाइन्ड इंटमध्ये घेऊन नुसतं ‘इफ रेट’ (उत्तर शून्य नसेल तर) लिहिलेला कोड मात्र चालतो, कारण इंट म्हणून परत देताना किंमत पुन्हा उणे होते. त्या योगायोगावर विसंबू नका.

एक जागा मात्र उलटी आहे. काम पुरं व्हायची ठरावीक वेळ वाट पाहणारं ‘वेट फॉर कम्प्लीशन टाइमआउट’ अनसाइन्ड लाँग देतं आणि वेळ संपली की ०. तिथे सवयीने ‘शून्याहून कमी’ तपासलंत, तर टाइमआउट झालेला कळणारच नाही.