पाडाव की विघटन?

प्रश्न असा आहे: 'सोव्हिएत संघाचा पाडाव', 'सोव्हिएत संघाचं विघटन' आणि 'साम्यवादाचा अंत' हे तिन्ही एकाच अर्थाने वापरले तर चालतील का?

चालू नयेत. त्यातला 'पाडाव' तर इथे टाळावाच. पाडाव म्हटला की पाडाव करणारा आला. गडाचा पाडाव होतो, शत्रूच्या फौजेचा होतो. इथे तो कर्ता म्हणून अमेरिका आपोआप डोळ्यांसमोर येते आणि इतिहासाला भलतंच वळण लागतं. १ ऑगस्ट १९९१ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थोरले बुश कीवमध्ये युक्रेनच्या लोकप्रतिनिधींपुढे बोलले, ते काय बोलले पाहा: आत्मघातकी राष्ट्रवादाच्या नादी लागणाऱ्यांना अमेरिका साथ देणार नाही! आदल्याच दिवशी त्यांनी मॉस्कोत सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह यांच्यासोबत लांब पल्ल्याच्या अण्वस्त्रांच्या कपातीच्या करारावर सही केली होती. सोव्हिएत अण्वस्त्रं रशियाखेरीज युक्रेन, बेलारूस आणि कझाकस्तानातही होती. संघ फुटला तर त्यांचा ताबा कोणाकडे, ही धास्ती वॉशिंग्टनलाही होती.

'विघटन' मात्र चपखल आहे. संघ घटक प्रजासत्ताकांचा होता आणि फुटून बाहेर पडण्याचा हक्क १९७७च्या सोव्हिएत राज्यघटनेनेच त्यांना कागदोपत्री दिलेला होता. ८ डिसेंबर १९९१ रोजी बेलारूसमधल्या बेलोव्हेझच्या जंगलात येल्त्सिन, क्रावचुक आणि शुश्केविच या रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी संघ संपल्याच्या करारावर सह्या केल्या. २५ तारखेला गोर्बाचेव्ह पायउतार झाले. एका देशाचे १५ झाले.

'साम्यवादाचा अंत' फारच ऐसपैस. चीनमध्ये कम्युनिस्ट पक्ष आजही सत्तेवर आहे. १९८९ साली पोलंडपासून रुमानियापर्यंत जे घडलं त्याला 'साम्यवादी राजवटी कोसळल्या' म्हणावं.

'विघटनामुळे शीतयुद्ध संपलं' हेही वाक्य वारंवार दिसतं. त्यात क्रम उलटा होतो: शीतयुद्ध आधी निवळलं, संघ नंतर फुटला. इराकने कुवेत गिळल्यावर, ३ ऑगस्ट १९९० रोजी, दोन्ही महासत्तांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी मॉस्कोत संयुक्त निषेध केला. नोव्हेंबरमध्ये इराकविरुद्ध बळाचा वापर करण्याची मुभा देणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या ठरावालाही सोव्हिएत मत पडलं. तेव्हा संघ अजून शाबूत होता. 'शीतयुद्ध अमेरिकेने जिंकलं' ही भाषा बुश यांनी जानेवारी १९९२च्या भाषणात केली, तीही निवडणुकीच्या वर्षात. 'पाडाव' त्या भाषेशी जुळतो, १९९१च्या घटनांशी नाही.