टेस्टमध्ये नायट्रेट-फॉस्फेट शून्य, तरी रीफ टँकमध्ये शेवाळ का माजतं?

मुलुंडला आठ महिन्यांचा रीफ टँक (जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक), दगडांवर बोटभर हिरवं केसाळ शेवाळ, टेस्ट नायट्रेट आणि फॉस्फेट या शेवाळाच्या दोन्ही खाद्यांचं शून्य दाखवते, मग माशांचं खाणं बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. खाणं बंद करू नका, मासे आणि प्रवाळ उपाशी पडतील. शून्य दिसतंय ते शेवाळामुळेच. किट फक्त पाण्यात विरघळलेलं मोजतं. दगडांतून फॉस्फेट सुटतं, ते पाण्यात पसरायच्या आधीच शेवाळ शोषून घेतं.

म्हणून आधी हाताने उपटा, तेही सायफन चालू ठेवून, नाहीतर सुटलेले तुकडे दुसरीकडे रुजतात. सुटे दगड टँकच्याच पाण्याच्या बादलीत टूथब्रशने घासा आणि ते पाणी फेकून द्या. शेवाळ मारणाऱ्या बाटलीच्या औषधाला मी हात लावत नाही. मेलेलं शेवाळ टँकमध्येच कुजतं आणि सगळं परत पाण्यात येतं. उरलेल्या खुंटांसाठी टर्बो गोगलगायी उत्तम, लांब वाढलेल्याला त्या सहसा तोंड लावत नाहीत.

आता पाणी. टॉप-अपला, म्हणजे वाफ होऊन घटलेलं पाणी भरायला, स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी घालत असाल तर तिथेच पाहा. पुष्कळ घरगुती आरओंमध्ये चवीसाठी थोडं नळाचं पाणी परत मिसळायची सोय असते. आपल्याकडे तलावांचं पाणी येतं, टीडीएस (विरघळलेले क्षार) मुळात कमी, त्यामुळे मीटरचा आकडा पाहून आपण निर्धास्त होतो. पण टँकमधून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, त्यातलं बाकी सगळं मागे राहतं आणि रोजच्या टॉप-अपने साचत जातं. आरओनंतर डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारं) लावा, मीटरवर शून्य दिसलं पाहिजे.

शेवाळ हटल्यावर खरे आकडे दिसू लागतील. फॉस्फेट चढलं तर जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे) पाकिटावरच्या मात्रेच्या निम्म्याने सुरू करा. दोन्ही शून्यावर दाबून धरलीत तर डायनोफ्लॅजेलेट्स हे सूक्ष्मजीव येऊ शकतात, बुडबुडे अडकलेली तपकिरी लाळ, आणि ती या शेवाळापेक्षा कितीतरी चिवट. मी नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान ठेवतो.

कोणी दगडच बदला म्हणेल. समुद्रातून काढलेला प्रवाळाचा दगड मात्र घेऊ नका. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या परिशिष्ट १ मध्ये आहेत. घ्यायचाच तर कृत्रिम सिरॅमिक दगड घ्या.