वाचकांचे प्रश्न: काळा पाषाण, पांढरी टोपी आणि फोनचा कॅमेरा

प्रश्न: पाताळेश्वराच्या लेण्यात काढलेल्या माझ्या फोटोंत काळा दगड राखाडी आणि निर्जीव दिसतो. उलट पालख्या पुण्यात आल्या त्या दिवशीच्या फोटोंत वारकऱ्यांची पांढरी धोतरे आणि टोप्या मळकट आल्या आहेत. फोन तोच आहे, मग दोन्हीकडे बिघडते काय?
एक वाचिका, कोथरूड

उत्तर: दोन्ही फोटो एकाच कारणाने बिघडले आहेत, आणि हे कारण एकदा लक्षात आले की फोनवरच्या फोटोंच्या निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात, असा माझा अनुभव आहे. समोरची वस्तू मुळात काळी आहे की पांढरी, हे कॅमेऱ्याला ठाऊक नसते. त्याला फक्त तिच्यावरून परतून आलेला उजेड मोजता येतो. प्रकाशमापनाची जुनी पद्धत असे गृहीत धरते की समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे 18 टक्के परत पाठवणारे आहे. आजचे फोन चेहरे ओळखतात, एका क्षणात अनेक फ्रेम टिपून त्या एकत्र करतात, तरीही दृश्याचा मोठा भाग एकाच रंगाचा असला की त्यांचा अंदाज या करड्याकडेच घसरतो.

पाताळेश्वराचे आठव्या शतकातील लेणे काळ्या बेसाल्टच्या अखंड खडकात कोरलेले आहे. तिथला गोल नंदीमंडप आणि त्याचे जाड खांब यांनी फ्रेम भरली की कॅमेऱ्याला उजेड कमी असल्यासारखे वाटते, तो उजेड वाढवतो आणि पाषाणाचा काळेपणा धुऊन निघतो. वारीत याच्या नेमके उलटे घडते. फ्रेमभर पांढरे कपडे दिसल्यावर उजेड फार झाला असे समजून कॅमेरा तो कमी करतो, त्यामुळे धोतर मळकट दिसते आणि टोपीखालचा सावळा चेहरा तर पार अंधारात जातो. पावसाळ्यात सिंहगडावर धुके पसरले असताना काढलेले फोटो संध्याकाळी काढल्यासारखे दिसतात, तेही यामुळेच.

उपाय फोनमध्येच आहे. मुख्य विषयावर बोट टेकवा. बहुतेक फोनमध्ये शेजारी सूर्याचे चिन्ह किंवा एक पट्टी उमटते. लेण्यात ती खाली ओढा, वारीत वर. ज्या फोनमध्ये हे आकड्यांत दिसते, तिथे लेण्यासाठी उणे 0.7 ते उणे 1 आणि पांढऱ्या कपड्यांसाठी अधिक 0.7 पासून सुरुवात करून पाहावी. उणे 1 म्हणजे उजेड निम्म्यावर आणणे, हे ध्यानात ठेवले की अंदाज लवकर बसतो. वारकऱ्याचा फोटो घेताना माझी नजर धोतराच्या निऱ्यांवर असते: चेहऱ्याची कातडी स्पष्ट दिसेपर्यंत उजेड वाढवत न्यावा आणि निऱ्यांच्या रेघा पुसट होऊ लागल्या की तिथेच थांबावे. बोट काही क्षण दाबून धरल्यास हे मोजमाप कायम राहते, त्यामुळे दिंडी पुढे सरकत असताना दर फोटोला पुन्हा जुळवाजुळव करावी लागत नाही.

प्रश्न: डिसेंबरच्या सुट्टीत नातेवाइकांना शनिवारवाडा दाखवला. दिल्ली दरवाजासमोर दुपारी 12 वाजता घेतलेल्या फोटोत सगळ्यांचे चेहरे काळवंडले आहेत आणि दरवाजा मागे झुकल्यासारखा दिसतो.
एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: दिल्ली दरवाजाचे तोंड उत्तरेला आहे. डिसेंबरमध्ये पुण्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणजे दरवाजाच्या पाठीमागे. त्यामुळे दरवाजा आणि त्याचे बुरूज स्वतःच्याच सावलीत राहतात, मागचे आकाश मात्र झगझगीत असते. दगडावर तिरपे ऊन खेळताना पाहायचे असेल तर मार्चअखेर ते सप्टेंबर या काळात सकाळचा पहिला किंवा संध्याकाळचा शेवटचा तास गाठावा, कारण तेव्हा सूर्य उगवताना आणि मावळताना थोडा उत्तरेकडे असतो.

तरीही डिसेंबरमधली ती सावली वाया घालवू नका. सावलीतला उजेड सारखा पसरलेला असतो, त्यात कोणी डोळे बारीक करत नाही आणि नाकाखाली काळे डाग पडत नाहीत. मंडळींना दरवाजाजवळच्या सावलीत उभे करा, चेहऱ्यावर बोट टेकवा आणि फ्रेममधून आकाश जवळजवळ काढून टाका. पूर्ण दरवाजा हवाच, हा हट्ट सोडलात तर दारावरचे अणकुचीदार खिळे आणि त्यांच्यापुढे आजीचा चेहरा असा एक छान फोटो मिळेल.

दरवाजा झुकतो तो फोन वर कलवल्यामुळे. जवळून मान उंचावून फोटो घेण्यापेक्षा मागे जाऊन, फोन सरळ उभा धरून घ्यावा. थोडा कल उरलाच तर संपादनाच्या अॅपमधील पर्स्पेक्टिव्ह या सोयीने तो सरळ होतो, पण त्यात कडा कापल्या जातात म्हणून चहूबाजूंनी जागा सोडून ठेवावी. रुंद लेन्सच्या कडेला उभी असलेली माणसे फुगलेली दिसतात, तेव्हा कडेला कोणाला उभे करायचे तेही जपून ठरवावे.

प्रश्न: पर्वतीवरून शहराचा फोटो झूम करून काढला, तर चित्र फाटल्यासारखे दिसते.
एक वाचक, सहकारनगर

उत्तर: फोनला वेगळी टेलिफोटो, म्हणजे दूरचे जवळ आणून दाखवणारी लेन्स असेल तर तिच्या पटीपर्यंतच खरा झूम मिळतो. त्यापुढे आहे तेच चित्र कापून मोठे केले जाते. आणि आधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. खिशातून आणि हातातून तिच्यावर चढलेल्या तेलकट थरामुळे दूरचे दृश्य अधिकच धूसर होते.

प्रश्न: आईच्या पंच्याहत्तरीचे औक्षण चालू असतानाचा फोटो पाठवत आहे. पैठणीचा मोरपंखी रंग धड आलाच नाही. फिल्टर लावून पाहिले, पण आईचा चेहरा नारिंगी होतो.
एक वाचिका, प्रभात रोड

उत्तर: फोटो बारकाईने पाहिला. आईंच्या डाव्या गालावर आणि पदरावर खिडकीतला निळसर उजेड आहे, उजव्या खांद्यावर छतावरच्या दिव्याचा पिवळा उजेड आहे, आणि खालून निरांजनाची ज्योत. व्हाइट बॅलन्सची, म्हणजे चित्राचा निळा-पिवळा तोल ठरवणारी पट्टी हे सगळे उजेड एकदमच सरकवते, म्हणून पदर सुधारला की चेहरा बिघडतो. पुढच्या वेळी दिवसाउजेडी औक्षण असेल तर छतावरचा दिवा बंद करून पाट खिडकीशी ठेवा. निरांजनाची ऊब चेहऱ्यावर राहू द्या, ती सुंदरच दिसते. फक्त बोट ज्योतीवर न टेकवता गालावर टेकवा.

या फोटोचे मात्र बरेच भले करता येईल. स्नॅपसीडसारख्या मोफत अॅपमध्ये आधी फ्रेम सरळ करून कापून घ्या, मग एकूण उजेड ठरवा, नंतर झगझगीत भाग थोडे उतरवा आणि सावल्या किंचित उचला. त्यानंतर ब्रशने फक्त उजव्या खांद्यावरचा पिवळेपणा कमी करा. रंगांचा गडदपणा सगळ्यांत शेवटी आणि तोही जपून वाढवा. जरीचे जे ठिपके पूर्ण पांढरे झाले आहेत त्यांत आता काही परत येणार नाही. जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या असतात आणि शेवटच्या पायरीवर पोहोचलेल्या ठिपक्यात तपशील उरलेलाच नसतो. मूळ फोटो तसाच ठेवून प्रतीवर काम करा. दोन दिवसांनी तो पुन्हा पाहिलात तर रंग कुठे जास्त झाला ते चटकन कळेल.

आणि नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीच्या पद्धतीत तो आकसून जातो आणि पदरावरची मोरांची नक्षी नेमकी तिथेच पुसट होते.