चित्र राहू द्या, आधी मार्चचा हप्ता थांबवा

प्रश्न: मी ६२ वर्षांचा, कोथरूडला राहतो. जानेवारी २०२४ मध्ये पिंपरीच्या एका कंपनीतून निवृत्त झालो. प्रभात रोडवरच्या आमच्या स्नेह्यांचा बंगला पुनर्विकासाला चालला आहे, महिनाअखेर घर रिकामं करायचं आहे म्हणून ते जुन्या वस्तू काढतायत. त्यात साधारण १९६० च्या सुमाराचं, जलरंगातलं एक स्थिरचित्र आहे. कलाकार सिरॅमिकसाठी नावाजलेले, आता हयात नाहीत. 'बाबांना त्यांनी स्वतः दिलं होतं' असं स्नेही सांगतात. किंमत साडेतीन लाख. त्यांचा भाचा म्हणतो, हुसेनचं चित्र ११८ कोटींना गेलं, बाजार चढा आहे, दहा वर्षांत याचे २० लाख कुठे जात नाहीत. मला स्वतःला चित्र फार आवडलंय. माझ्या ५५ लाखांच्या एफडी आहेत. मार्च २०२६ मध्ये विमा कंपनीच्या गॅरंटीड प्लॅनचा तिसरा हप्ता, ६ लाख, भरला की एक एफडी मोडून चित्र घ्यावं म्हणतो. घरखर्च महिना ५० हजार. पेन्शन आणि सौ.च्या शिकवण्या मिळून १५ हजार येतात. ती ५८ वर्षांची आहे. मुलगी स्वतःच्या पायावर उभी आहे. मेडिक्लेम कंपनीचा होता, तो निवृत्तीबरोबर संपला. माझी बीपीची एक गोळी सोडली तर दोघंही ठणठणीत आहोत. पूर्ण कल्पना यावी म्हणून चित्राचे फोटो आणि प्लॅनची कागदपत्रं जोडली आहेत. चित्र घ्यावं का?

उत्तर: साडेतीन लाखांना घेऊ नका. कारणं सांगतो, पण तुमच्या पत्रातली खरी काळजीची गोष्ट वेगळीच आहे. तिच्याकडे लगेच येतो. कलाकाराचं नाव छापलेलं नाही, कारण चित्र त्यांचंच आहे हे अजून ठरायचं आहे.

सिरॅमिकमधल्या माणसाने जलरंगात काम केलं असेल तर त्यात नवल नाही. देवीप्रसाद शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली चित्रकला शिकले, १९४४ मध्ये कलाशिक्षक म्हणून सेवाग्रामला गेले, आणि आज त्यांचं नाव निघालं की लोकांना त्यांची भांडी आठवतात. तेव्हा तुमचं चित्र अस्सल असू शकतं. चांगलं तर ते आहेच. निळसर झिलईचा बुटका चंबू, शेजारी दोन लिंबं, खाली घडी घातलेला पंचा. चंबूच्या काठावर कागद कोरा सोडून चमक दाखवली आहे, आणि ती जागा इतकी नेमकी आहे की चाकावर चंबू घडवणाऱ्या माणसालाच सापडावी. तुम्हाला ते आवडलं याचं मला आश्चर्य वाटत नाही.

बाजार मात्र ज्या कामासाठी नाव झालं त्या कामाचे पैसे मोजतो. पिकासोचं उलटं उदाहरण आहे. दक्षिण फ्रान्समधल्या व्हालोरीस गावी, मादुरा नावाच्या कारखान्यात, १९४७ ते १९७१ या काळात त्याच्या सिरॅमिकच्या ६३३ आवृत्त्या निघाल्या, म्हणजे एकेका नमुन्याच्या ठरावीक प्रती. त्या आजही लिलावात येतात आणि विकल्या जातात, पण त्याच्या तैलचित्रांच्या किमतीच्या जवळपासही जात नाहीत. नाव तेच असूनही. तुमच्या बाबतीत भांडी जमवणारा भांडीच घेईल आणि चित्रं जमवणारा चित्रकारांची चित्रं घेईल. दोन्हीच्या मधलं गिऱ्हाईक दहा वर्षांनी तुम्हालाच शोधावं लागेल, तेव्हा भाचा मदतीला नसेल.

हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ११८ कोटींच्या आसपास गेलं, हे खरं. ते १९५४ चं, जवळजवळ १४ फूट रुंद तैलचित्र आहे. त्याच वर्षी ते एका डॉक्टरांनी घेतलं, १९६४ मध्ये ऑस्लोच्या रुग्णालयाकडे गेलं. एवढी वर्षं ते कुणाकडे होतं हे कागदावर आहे. तुमच्या चित्रामागे काय आहे? सहीसुद्धा अर्धी माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, गेली आहे. कलाकाराच्या हातचं पत्र, जुन्या प्रदर्शनाची यादी, भिंतीवर हे चित्र दिसणारा त्या काळचा फोटो, यातलं काही असेल तर मागून घ्या. 'बाबांना स्वतः दिलं होतं' यावर माझा विश्वास बसतो, पण पुढच्या खरेदीदाराचा नुसत्या शब्दावर बसणार नाही.

आता तिसरा फोटो मोठा करून पाहा. डाव्या कडेला माउंट दोन-तीन मिलिमीटर सरकलं आहे आणि तिथे उघड्या पडलेल्या पट्टीतला निळा बाकीच्या निळ्यापेक्षा गडद आहे. मूळ रंग तो. बाकीचं चित्र इतक्या वर्षांच्या उजेडाने उडालेलं आहे. खाली उजवीकडे तपकिरी ठिपके आहेत, ते दमट हवेचे. मागे साधा पुठ्ठा लावलेला असेल तर त्यातल्या आम्लानेही कागद पिवळा पडत असणार. जुन्या कागदाचं काम करणारा जाणकार ठिपके थोपवू शकतो, पण उडालेला रंग परत आणता येत नाही.

साडेतीनचे २० व्हायला वर्षाला १९ टक्के लागतात, सलग दहा वर्षं, मध्ये एक रुपया हातात न येता. विकताना लिलावगृहाचं कमिशन जाईल. प्राप्तिकराच्या नियमात चित्र घरगुती वापराच्या वस्तूंत मोडत नाही, तेव्हा दोन वर्षांहून जास्त ठेवून विकलं तरी नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. याला मी गुंतवणूक म्हणणार नाही. भिंतीवर लावायला हवंच असेल तर ५० हजारांपर्यंत बोला, तेही खाली सांगितलेली सगळी कामं झाल्यावर. पैसे बँकेतून द्या आणि पावती घ्या. घर महिनाअखेर रिकामं करायचंय ही घाई विकणाऱ्यांची आहे, तुम्ही ती अंगावर घेऊ नका.

आता मार्चचा हप्ता. तुम्ही तो एका ओळीत उरकलात, आणि तीच ओळ वाचून मी कागदपत्रं उघडली.

५५ मधून ६ गेले, ४९ राहिले. साडेसहा टक्क्यांनी ३.२ लाख व्याज. घराला पेन्शन आणि वहिनींच्या शिकवण्या वजा जाता वर्षाला ४.२ लाख लागतात. म्हणजे पुढच्या मार्चला हातात ४८. दरवर्षी हप्ता भरत राहिलात तर त्यापुढच्या प्रत्येक मार्चला साधारण ४०, ३२, २४, १५ आणि ५. मार्च २०३२ मध्ये खात्यात ५ लाख असतील आणि हप्ता ६ लाखांचा असेल. तुम्ही तेव्हा ६८ वर्षांचे. यात महागाई शून्य धरली आहे, दवाखाना शून्य धरला आहे आणि चित्रही घेतलेलं नाही. दहा हप्त्यांचा प्लॅन तुम्हाला विकला, आणि तुमच्याकडे पैसे आहेत आठ हप्त्यांचे. हा हिशोब विकणाऱ्याने एकदाही करून पाहिला नाही. कोणत्याही बँकेत निवृत्त माणसासमोर बसलेल्या रिलेशनशिप मॅनेजरने हे पहिल्या पाच मिनिटांत करायला हवं.

एवढं करून मिळणार काय? ६० लाख भरायचे आणि बाराव्या वर्षाअखेर ८४ लाख घ्यायचे. कागदाच्या कोपऱ्यात पेनाने '४०% गॅरंटीड, टॅक्स फ्री' असं लिहून दिलेलं दिसतंय. कधी किती भरलं आणि कधी मिळालं हे धरलं तर हा परतावा वर्षाला साडेचार टक्के पडतो. तुमच्या एफडी साडेसहा देतायत. 'टॅक्स फ्री' हेही चूक. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या अशा पॉलिसीचा वर्षाचा हप्ता ५ लाखांच्या वर असेल तर मुदतीनंतरच्या नफ्यावर कर लागतो. तुमची पॉलिसी मार्च २०२४ ची आहे आणि हप्ता ६ लाखांचा.

प्रस्ताव अर्जाचं दुसरं पान काढा. व्यवसाय: नोकरी. वार्षिक उत्पन्न: १८ लाख. खाली तुमची सही आणि मार्चची तारीख. तुम्ही जानेवारीतच निवृत्त झाला होतात, आणि अर्जातलं अक्षर तुमच्या सहीच्या अक्षराशी जुळत नाही. खरं उत्पन्न लिहिलं असतं तर ६ लाखांचा हप्ता मंजूर होणं कठीण होतं. हे पान जपून ठेवा.

तर हप्ता भरू नका. बँकेत जाऊन ऑटो-डेबिट लेखी बंद करा आणि पोच घ्या. प्लॅन विकणाऱ्या त्या मुलाला फोन करून भागणार नाही, तो 'काका, एवढा एक हप्ता भरा' म्हणेल. दोन वर्षांचे हप्ते पूर्ण भरलेले असल्याने पॉलिसी बुडत नाही, पेड-अप होते: शेवटी मिळणारी रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात खाली येते. दहापैकी दोन, म्हणजे ८४ चे साधारण १७ लाख.

सरेंडर करून, म्हणजे पॉलिसी मुदतीआधीच मोडून, मोकळं व्हावं असं वाटेल. एरवी मीही तेच सांगतो, पण तुमच्या आकड्यांत ते बसत नाही. तिसऱ्या वर्षीचं सरेंडर मूल्य भरलेल्या रकमेच्या ३५ टक्के आहे, म्हणजे १२ लाखांचे ४.२ लाख. त्या ४.२ चे दहा वर्षांत १७ करायला वर्षाला १५ टक्के मिळवावे लागतील. तुमच्या वयाला झेपेल अशा कुठल्याही ठिकाणी ते मिळत नाहीत. मात्र पेड-अपचा नेमका आकडा कंपनीकडून लेखी मागवा, कारण काही प्लॅनमध्ये वरचे वाढीव लाभ पेड-अपला देत नाहीत. तो ९ लाखांच्या वर असेल तर पॉलिसी तशीच राहू द्या. आणि 'आतापर्यंतचे १२ वाया जाऊ नयेत' म्हणून पुढचे हप्ते भरायचा मोह झाला तर एवढं पाहा: पुढच्या ४८ लाखांवरचा परतावा पाच टक्क्यांच्या किंचितच वर निघतो, तोही कर कापायच्या आधी.

याच्या जोडीला विमा कंपनीकडे लेखी तक्रार करा: उत्पन्न चुकीचं लिहिलं, एफडीसारखं आहे असं सांगितलं, करमुक्त असल्याचं सांगितलं, १२ लाख परत करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालांकडे जा. पुण्यात त्यांचं कार्यालय नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात. कंपनीचा नकार आल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. निकाल तुमच्याच बाजूने लागेल असं मी लिहून देऊ शकत नाही, पण ते दुसरं पान आणि पेनाने लिहिलेला कोपरा हे पुरावे बहुतेक लोकांकडे नसतात. तुमच्याकडे आहेत.

हप्ता थांबला की ५५ लाखांतले ३० पोस्टाच्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. सध्या ८.२ टक्के, दर तिमाहीला ६१,५०० हातात. एवढा साधा पर्याय दोन वर्षं कुणी तुम्हाला सुचवला नाही याचं वाईट वाटतं. राहिलेल्या २५ पैकी ५ दवाखान्यासाठी हाताशी ठेवा, १० एफडीत, आणि १० लाख सत्तरीनंतरच्या खर्चासाठी हायब्रिड (शेअर आणि रोखे दोन्हींत पैसे घालणाऱ्या) म्युच्युअल फंडात, दोन वर्षांत थोडे थोडे करून. वहिनी ६० च्या झाल्या की त्यांच्या नावाने त्याच योजनेत दुसरं खातं उघडता येईल. एवढं करूनही सुरुवातीला वर्षाला लाख-सव्वा लाख मुद्दलातून घ्यावे लागतील, पुढे महागाईने जास्त. पंचाहत्तरीनंतर ओढाताण आहे. साडेतीन लाखांचं चित्र या घराला का परवडत नाही ते यावरून दिसेल.

राहिला मेडिक्लेम. दोन वर्षं तुम्ही दोघंही विम्याशिवाय आहात, आणि एका बायपासचं बिल तुमच्या वर्षभराच्या घरखर्चाएवढं येऊ शकतं. हे काम या आठवड्यात सुरू करा. एप्रिल २०२४ पासून पॉलिसी घ्यायला ६५ वर्षांची मर्यादा राहिलेली नाही, आधीच्या आजारांसाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत पॉलिसीवर जीएसटी लागत नाही. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर कंपनीला विमा नियामकाला विचारावं लागतं. दोघांना मिळून १० लाखांचं संरक्षण घ्या, ५० ते ७० हजार हप्ता धरून चला.

हा अर्ज मात्र स्वतःच्या हाताने भरा. बीपीची गोळी, तिचं नाव, किती मिलिग्रॅम, कधीपासून, सगळं लिहा. एजंट म्हणेल एवढं लिहिलं तर हप्ता वाढेल. वाढू दे. लपवलेलं बीपी क्लेमच्या वेळी डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीत सापडतं, आणि मग हॉस्पिटलचं बिल एफडी मोडून भरावं लागतं. व्यवसायाच्या रकान्यात 'निवृत्त' लिहा, उत्पन्नाच्या रकान्यात जे आहे तेच, आणि सही करण्याआधी प्रत्येक पान वहिनींकडून एकदा वाचून घ्या.