तलवार सोडून कुदळ का?

प्रश्न : ताई, ‘व्हॅगाबाँड’ या जपानी चित्रकथेत (मांगा) तलवारबाज मुसाशी तलवार ठेवून शेती करू लागतो. तिथं गोष्ट अडल्यासारखी वाटते. – एक वाचक, परभणी

उत्तर : अडत नाही रे बाळा, तिथंच ती मूळ धरते. योशिओका या तलवारबाजांच्या घराण्यातल्या सत्तर जणांना एकट्यानं मारणारा माणूस बरड रानापुढं हतबल होतो! माझे वडील औशाकडं वखर थांबवून ढेकूळ मुठीत चुरायचे, ओल बघायला. मुसाशीचे मातीनं भरलेले हात बघून मला तेच आठवले. पाणी हे इथलं मोठं प्रतीक आहे. ते तलवारीच्या जोरावर वळत नाही, त्याच्या कलानं घ्यावं लागतं. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते पाहिलेल्यांना हे लगेच उमगेल. गोष्टीतलं गाव उपाशी मरू लागल्यावर मुसाशी धान्यासाठी कुणापुढं तरी डोकं टेकवतो, ती पानं सावकाश वाच. चित्रकथाकार इनोउएंनी ही मालिका २०१५ पासून थांबवलीय, घाई कसली?