शैक्षणिक कर्जाचे व्याज आणि प्राप्तिकर

प्रश्न : मुलीच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी मी राष्ट्रीयीकृत बँकेकडून माझ्या नावावर कर्ज घेतले असून काही रक्कम मेहुण्यांकडून व्याजाने घेतली आहे. दोन्ही व्याजांवर करवजावट मिळेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : केवळ बँकेच्या व्याजावर मिळेल. आयकर कायद्यानुसार (मार्च २०२६ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यात हे कलम ८०ई होते) कर्ज बँक, अधिसूचित वित्तसंस्था किंवा मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेचेच असावे लागते; नातेवाइकांचे कर्ज, त्याची लेखी नोंद कितीही चोख असली तरी, त्यात बसत नाही. शिक्षण स्वतःचे, पती-पत्नीचे, अपत्याचे किंवा आपण कायदेशीर पालक असलेल्या विद्यार्थ्याचे, आणि बारावीनंतरचे असावे. भावंडांसाठी ही सवलत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

वजावटीला कमाल मर्यादा नाही; मात्र ती मुद्दलावर मिळत नाही. ज्या वर्षी आपण व्याज भरू लागता, ते वर्ष धरून सलग आठ वर्षे किंवा व्याज फिटेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवरच ती मिळते. त्यामुळे कर्जाची मुदत लांबवण्यापूर्वी हा हिशेब अवश्य करावा. नवी करप्रणाली निवडल्यास ही वजावट मिळत नाही. बँकेकडून व्याज व मुद्दल वेगळे दाखवणारे प्रमाणपत्र दरवर्षी मागून घ्यावे.