सरळ उत्तर देणारी पात्रं

प्रश्न : माझ्या कथांत संवाद भरपूर असतात, तरी ‘नातं जाणवत नाही’ असा शेरा येतो. एक पान सोबत पाठवत आहे. काय चुकतंय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : पान वाचलं. तुमची पात्रं एकमेकांना फार नीट उत्तरं देतात. ‘बाबा, गुडघा कसा आहे?’ ‘दुखतो अजून.’ ‘गोळ्या घेता ना?’ ‘संपल्या.’ हा केसपेपर झाला. घरात माणसं विचारलेल्याचं उत्तर देतातच असं नाही, मनात जे चाललेलं असतं त्याचं देतात. तोच प्रसंग असा लिहून बघा :

‘गुडघा कसाय?’
‘गाडी कुठं लावलीस? शेजारच्यांच्या फाटकासमोर नको.’
‘नाही लावली. गोळ्या आहेत ना?’
‘चहा टाकतो. बस जरा.’

गोळ्या संपल्यात हे कळलं, आणि बापाला मुलगा थोडा वेळ थांबायला हवाय हेही कळलं. आता ‘बाबांना फार एकटं वाटत होतं’ हे तुमचं पुढचं वाक्य खोडा. मात्र हा उपाय बेतानं वापरा. प्रत्येक उत्तर तिरकं केलंत तर पात्रं बहिरी वाटू लागतात. पानाला दोन-तीन जागा पुरतात. सगळी चुकवाचुकव झाल्यावर एकदाच सरळ उत्तर आलं, तर तेच वाचकाला लागतं.

दुसरं, संबोधनं. ती तुम्ही सवयीनं वापरता. पहिल्या पानावर मुलगा वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतो, पुढे कुठेतरी ‘तू’ होतो, आणि कारण काहीच नसतं. वाचक मात्र कारण शोधत बसतो. लिहायला घेण्यापूर्वी कोण कोणाला काय म्हणतं हे समासात मांडून ठेवा. नवऱ्याला एकांतात ‘अरे’ आणि सासूसमोर ‘अहो’ म्हणणारी सून असेल, तर दोन्ही लिहा. मग कथेत जिथे नातं हलतं, तिथेच संबोधन हलू द्या. आयुष्यभर ‘बाळ्या’ म्हणणारा थोरला भाऊ जमिनीच्या वाटपानंतर ‘तुम्ही लोक’ म्हणाला, की भांडणाचं वर्णन लागत नाही.

प्रश्न : दीड हजार शब्दांच्या कथेत पात्रं किती असावीत? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : दोन. तिसरं फार तर दूधवाल्यासारखं, दार वाजवून चाललेलं बोलणं तोडणारं. ते वाजवी वेळी आलं तर फार उपयोगी पडतं. त्याला नाव देऊ नका, नाहीतर वाचक त्याची वाट बघत राहतो.

प्रश्न : एकटेपणावर लिहायला घेतलं की कथा पात्राच्या डोक्यातच अडकते. बाहेर कशी काढावी? (एक वाचक, लातूर)

उत्तर : त्याला बोलायला पाठवा आणि बोलणं फसू द्या. रशियन कथाकार चेखवची 1886 सालची एक कथा यासाठी पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. पीटर्सबर्गमध्ये बर्फ पडतंय. इओना या गाडीवानाचा मुलगा त्याच आठवड्यात वारलाय आणि त्याला ते कोणाला तरी सांगायचंय. लष्करी अधिकारी ‘कशानं गेला?’ असं विचारतो खरा, पण थोड्या वेळानं डोळे मिटून घेतो. नंतरच्या तीन टवाळ पोरांतला एकजण ‘सगळेच मरणार’ म्हणून विषय संपवतो. एका घराचा राखणदार गाडी पुढे घ्यायला सांगतो. मुक्कामाच्या जागी एक तरुण गाडीवान पाणी प्यायला उठतो आणि ऐकता ऐकता झोपतो. शेवटी इओना घोडीला सांगतो.

रचना बघा : प्रत्येक वेळी नकाराचं कारण वेगळं आहे, आणि दुष्ट असा कोणीच नाही. एकच कारण चार वेळा आलं असतं तर ती तक्रार झाली असती. आणखी एक बारीक जागा : ती तीन पोरं वीस कोपेक देऊ करतात. भाडं परवडणारं नाही, तरी तो त्यांना घेतो, कारण त्याला माणसं हवी आहेत. ‘तो एकाकी होता’ हे चेखवनं असं भाड्याच्या हिशोबात मांडलंय. तुमच्या पात्रानं सोबतीसाठी काय तोटा सोसला, हे शोधा. वेळ, पैसा, मान, काहीही चालेल, पण कथेत तो दिसला पाहिजे.

प्रश्न : कथेतलं राहू द्या. सहकाऱ्याचे वडील गेले, भेटायला गेल्यावर काय बोलावं तेच सुचत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : कमी बोला, पण ‘काय झालं होतं?’ हे विचारून पूर्ण ऐका. पुष्कळ लोक विचारतात आणि मध्येच ‘आमच्या काकांचंही असंच’ सुरू करतात. तिथे समोरच्याचं सांगणं बंद पडतं. इओनालाही सगळं क्रमानं सांगायचं होतं : आजार कसा सुरू झाला, शेवटी मुलगा काय बोलला, कपडे आणायला दवाखान्यात कसं जावं लागलं. तेच तेच पुन्हा सांगितलं तरी ‘मघाशी सांगितलंत’ म्हणू नका. ‘वय झालंच होतं’, ‘सुटले बिचारे’ हे घरच्यांनी म्हणावं, आपण नव्हे.

‘काही लागलं तर सांगा’ यात मागण्याचं काम त्यांच्यावरच पडतं. त्याऐवजी नेमकं एक काम उचला : ‘गुरुवारी बँकेत मी सोबत येतो, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढून ठेवू.’ पहिल्या दिवसांत पिठलं-भात घेऊन येणारे बरेच असतात, तेराव्यानंतर घर एकदम रिकामं होतं. तेव्हा एक खेप ठेवा, आधी फोन करून. डबा न्याल तो परत द्यावा लागणार नाही असा न्या. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, आणि त्यात काय घालायचं ही चिंता त्या घराला नको.